सोळाव्या वर्षानंतरचा रिकामा रकाना

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच लसीकरणाचं राष्ट्रीय वेळापत्रक ठरवणाऱ्या तांत्रिक सल्लागार गटाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी आमच्या गावच्या उपकेंद्रात गेले होते. लसीकरणाचा दिवस होता. बाकावर लेकुरवाळ्या बसल्या होत्या. एका बाळाला नुकतीच पेंटा टोचून झाली होती आणि त्याची आजी पदराने त्याच्या मांडीवर वारा घालत होती. सिस्टरांच्या टेबलावर निळा व्हॅक्सिन कॅरियर, बाजूला सुया कापायचं यंत्र आणि पुढ्यात लांबरुंद रजिस्टर. माझी पाळी आल्यावर मी धनुर्वात-घटसर्पाची लस मागितली, “सिस्टर, मला टीडी द्या.”

“काही लागलंय का, मॅडम? पत्रा, खिळा?”

“नाही. घेतल्याला खूप वर्षं झाली, म्हणून.”

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. बाळाचे रकाने, दीड वर्षाचा, पाच वर्षांचा, मग दहाचा, सोळाचा. गरोदर मातांचं पान वेगळं. “तुम्हाला मी कशात लिहू?” असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. टीडीची दहा मात्रांची कुपी उघडलेली होती, तिच्यात मात्रा शिल्लक होत्या, मी बाही वर करून बसले होते. त्या बाईंना आणखी अडचणीत टाकणं बरं वाटेना, म्हणून मी उठले आणि घरी आले. त्यांची यात काहीच चूक नाही. रकाने त्या आखत नाहीत, तुम्ही आखता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी ३१ वर्षं तालुक्याच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. आता वय ६४. दरवर्षी मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात शीतसाखळी दाखवायला न्यायचे. तापमानाची वही, सकाळ-संध्याकाळची सही, फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक घामेजून त्यातलं पाणी खुळखुळेपर्यंत का थांबायचं, टीडी एकदा गोठली की ती टाकूनच का द्यायची, हे सगळं मुलं वहीत उतरवून घ्यायची. मला त्या व्यवस्थेचा फार अभिमान वाटायचा, आजही वाटतो. डोंगरातल्या वस्तीपर्यंत लस थंड पोहोचवणं हे साधं काम नाही. पण मनात एक गोष्ट कायम सलत राहिली. लसीची मुदत कधी संपते हे आपण कुपीच्या लेबलवर डोळ्यांत तेल घालून बघतो. ती लस ज्या पेशींना धडा शिकवणार असते त्यांचं वय मात्र कुणी बघत नाही.

आपल्याकडे लस म्हणजे लेकरांची गोष्ट. लहानपणी टोचलं की जन्माची काळजी मिटली, असं सुशिक्षित घरांतही मानतात. खरं तर लस म्हणून जे टोचतात त्यातलं जवळजवळ काहीच अंगात उरत नाही. फार कशाला, लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला ओळखून पकडणारी रक्तातली प्रथिनं, तीसुद्धा उरत नाहीत. रक्तातल्या आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांपैकी निम्मी साधारण तीन आठवड्यांत नाहीशी होतात. गेल्या दिवाळीत तुमच्या रक्तात फिरत असलेल्यांपैकी या दिवाळीला जवळजवळ कुणी नसतं. तरीही पाचव्या वर्षी झालेला गोवर माणसाला ऐंशीव्या वर्षीही पुन्हा होत नाही. हे टिकतं कशाच्या जोरावर?

मी वर्गात याचं उत्तर फेरो बेटांच्या गोष्टीने द्यायचे, कारण यापेक्षा चांगली गोष्ट मला सापडली नाही. उत्तर अटलांटिकमधली ही डेन्मार्कची बेटं. १८४६ साली तिथे गोवर शिरला आणि ७,७८२ वस्तीतले ६,००० हून अधिक लोक आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पीटर पानुम नावाच्या तरुण डॉक्टरला तिथे धाडलं. तो बेटाबेटांवर होडीने फिरला, घरोघरी विचारपूस केली. त्याआधीची गोवराची साथ १७८१ सालची, म्हणजे मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता. १७८१ मध्ये ज्यांना गोवर होऊन गेला होता अशी बरीच म्हातारी माणसं हयात होती. त्यांच्यातल्या एकालाही या वेळी गोवर झाला नाही. आणि ज्या म्हाताऱ्यांना पोरपणी तो झाला नव्हता, ते मात्र लेकरांसारखेच अंथरुणाला खिळले.

एकाच बेटावरचे, एकाच वयाचे, एकच अन्न खाणारे दोन म्हातारे. एकाच्या पेशींनी धडा आधी घेतलेला, दुसऱ्याच्या पेशींनी नाही. या पत्रात मला जे म्हणायचंय ते सगळं या दोघांत आलं.

घेतलेला धडा कोण सांभाळतं, हे आता बरंच कळलं आहे. हाडांच्या आतल्या मज्जेत प्लाझ्मा पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. त्यातली एकेक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडं बाहेर टाकते आणि काही पेशी वर्षानुवर्षं, दशकानुदशकं हेच काम करत राहतात. त्यांच्या जोडीला स्मृतिपेशी असतात. त्या रोज काही करत नाहीत. शेतकऱ्याच्या घरात खायचं धान्य वेगळं आणि राखेत घोळवून ठेवलेलं बियाणं वेगळं, तसं हे. दुष्काळ पडला तरी बियाण्याला हात लावायचा नाही, पेरणी आली की मात्र एका मुठीचं पोतं होतं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात रमा अकोंडी, रफी अहमद आणि सहकाऱ्यांनी पीतज्वराची लस घेतलेल्या माणसांच्या टी-पेशींचा, म्हणजे लागण ओळखून तिच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, माग काढला. लस टोचल्यावर पहिले दोन आठवडे या पेशी झपाट्याने दुणावतात, नंतर वर्षातून एकदासुद्धा विभागत नाहीत. हे काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. कमी खर्चात राहायचं, म्हणून दीर्घकाळ टिकायचं, असा त्यांचा बेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच पीतज्वराची एक मात्रा जन्मभर पुरते असं मान्य केलं होतं.

पण सगळ्या लसींचं असं नाही, आणि नेमकी इथे आपल्या वेळापत्रकाची गाडी अडते. ओरेगॉनमधल्या संशोधकांनी ४५ माणसांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने, काहींचे तर २६ वर्षांपर्यंतचे, तपासून २००७ साली आकडे दिले. प्लाझ्मा पेशी नवी प्रतिपिंडं भरत राहतात, त्यामुळे धनुर्वाताविरुद्धच्या प्रतिपिंडांची एकूण पातळी निम्मी व्हायला ११ वर्षं लागतात. घटसर्पाला १९ वर्षं. गोवराला ३,०१४ वर्षं! हा शेवटचा आकडा अक्षरशः घ्यायचा नसतो. आलेखावरची रेघ उतरायचं नावच घेत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. अंगात शिरलेला अख्खा विषाणू पेशींना जितका खोल धडा देतो, तितका सुट्या प्रथिनाची लस देत नाही, असं यामागचं कारण मानलं जातं. धनुर्वाताची लस म्हणजे असंच सुटं, निर्विष केलेलं प्रथिन. म्हणून तिच्या मात्रा जास्त, म्हणून तिला उजळणी हवी.

आता म्हातारपणाकडे येते. म्हातारा माणूस चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या पंगतीत कोण कुठे बसलं होतं ते सांगतो, पण काल आलेल्या पाहुण्याचं नाव त्याच्या तोंडी येत नाही. पेशींचंही बरंचसं असंच आहे. १९१८ च्या फ्लूच्या साथीतून, आपल्याकडे जिला मानमोडी म्हणत, वाचलेली ९१ ते १०१ वर्षांची ३२ माणसं अमेरिकेत शोधून काढण्यात आली. नव्वद वर्षं उलटली होती, तरी त्यांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं होती आणि काहींच्या बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी, ती अजून बनवू शकत होत्या. हे २००८ साली छापून आलं आणि पुढच्याच वर्षी पुण्याने त्याचा प्रत्यय घेतला. २००९ चा स्वाइन फ्लू आला तेव्हा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. तोंडाला रुमाल बांधून रांगेत उभं असलेलं पुणं माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्या साथीत जगभर एक विलक्षण गोष्ट दिसली. म्हाताऱ्यांना लागण तरुणांपेक्षा कमी झाली. १९५७ पर्यंत जगात १९१८ च्या फ्लूचे वंशज फिरत होते आणि तेव्हा लहान असलेल्यांच्या पेशींनी ते पाहून ठेवले होते.

२०२० मध्ये आलेला करोना विषाणू कुणीच पाहिलेला नव्हता. तेव्हा म्हातारी माणसं कशी गेली हे तुम्हाला मी सांगायला नको. वय तेच, पेशी त्याच, फरक एवढाच की या वेळी धडा अगदी नवा होता.

नवा धडा घ्यायला नवख्या, अजून कुठलाही जंतू न पाहिलेल्या टी-पेशी लागतात, आणि त्या घडतात थायमस या ग्रंथीत. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला ती असते. १९६१ साली जॅक मिलर यांनी नवजात उंदरांमधली ही ग्रंथी काढून तिचं काम दाखवून दिलं. तोवर तिला शरीरातला निरुपयोगी अवशेष समजत. आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशी इथे गाळल्या जातात. आत शिरणाऱ्या बहुतेक पेशी मरतात, थोड्या पास होऊन बाहेर पडतात. पण ही शाळा फार लवकर ओस पडू लागते. लहानपणापासूनच ती आक्रसत जाते आणि पन्नाशीपर्यंत तिथे मुख्यतः चरबी उरते. पूर्ण बंद पडते असं मात्र नाही. बोस्टनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की शस्त्रक्रियेत ज्या प्रौढांची थायमस काढून टाकली गेली त्यांच्यापैकी पाच वर्षांत ८.१ टक्के मरण पावले. छातीची तशीच शस्त्रक्रिया झालेल्या पण थायमस राखलेल्या रुग्णांत हे प्रमाण २.८ टक्के होतं. मोठेपणीही तिथून थोडीफार ताजी फौज येत असते, आणि ती थोडीफारसुद्धा मोलाची असते.

ज्या नवख्या टी-पेशी उरतात त्या आपल्यातच विभागून संख्या राखतात. पण संख्या राखली तरी वाण कमी होत जातात. त्यात पुन्हा सायटोमेगॅलोव्हायरस. हा विषाणू आपल्या देशात बहुतेकांना लहानपणीच गाठतो, सहसा आजार म्हणावा असं काही करत नाही, पण जन्मभर अंगात राहतो. त्याच्यावर पहारा ठेवायला गुंतलेल्या पेशींचा गट वयाबरोबर फुगत जातो. वहीत आधीच लिहिलेली पानं जास्त, कोरी पानं कमी.

मग वय झालं म्हणजे सगळं संपलं का? नाही, आणि हेच मला तुमच्यापर्यंत पोहोचवायचं आहे. मिनेसोटा विद्यापीठात उंदरांच्या टी-पेशींवर एक चिकाटीचा प्रयोग झाला, २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लस दिलेल्या उंदराच्या टी-पेशी काढून दुसऱ्या तरुण उंदरात घातल्या, पुन्हा लस दिली, पुन्हा पुढच्या उंदरात घातल्या. असं दहा वर्षं, ५१ वेळा. उंदीर जगतो दोन-तीन वर्षं. पेशी मूळ मालकाच्या आयुष्याच्या कितीतरी पट टिकल्या, काम करत राहिल्या, आणि त्यांचा कर्करोगही झाला नाही. धडा मिळत गेला, मध्ये पुरेशी विश्रांती मिळाली, तर शिकलेली पेशी म्हातारी होऊन हात टेकत नाही. अडचण शिकलेल्यांची नाही, नव्याने शिकणाऱ्यांची आहे. म्हणजेच वेळेची आहे.

आता आपल्या माणसांकडे या. देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला, सार्वत्रिक झाला १९८५ मध्ये. आज साठी ओलांडलेला प्रत्येक माणूस त्याआधी जन्मलेला आहे. माझ्या आईच्या दंडावर देवी काढल्याचा रुपयाएवढा व्रण आहे, माझ्याही आहे. देवीची लस मात्र त्या पिढीला मनापासून टोचली गेली. गावात देवी काढणारा आला की आम्ही माळ्यावर लपायचो. पण ट्रिपल, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची एकत्रित लस? त्या पिढीतल्या बहुतेकांना ती सरकारी वेळापत्रकातून मिळालीच नाही. बायकांना बाळंतपणाच्या निमित्ताने धनुर्वाताची सुई तरी मिळाली. पुरुषांना काय? पायात खिळा गेला की एक सुई, कोयता लागला की एक सुई. तीन मात्रांचा मूळ क्रम पुरा झालाय की नाही, हे कुणी विचारलं नाही, कुठे लिहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, धनुर्वात आता कुठे दिसतो? नवजात बाळांचा आणि मातांचा धनुर्वात २०१५ मध्ये देशातून हटवला गेला, हे तुमच्या खात्याच्या हजारो सिस्टरांचं मोठं यश आहे. पण हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. त्याचे बीजाणू मातीत, शेणखतात पडून असतात. नातवाला लस दिली म्हणून आजोबांचं रक्षण होईल असं इथे घडत नाही. आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही प्रतिकारशक्ती येत नाही. त्याचं विष इतकं जहाल की जीव घेण्याइतकी मात्राही पेशींना धडा देण्याइतकी होत नाही. म्हणजे इथे लसीशिवाय दुसरा गुरूच नाही. आणि सत्तरीतला शेतकरी रोज शेणखताच्या उकिरड्यात अनवाणी उभा असतो. त्याच्यासाठी टीडी ही उजळणी नसून पहिला धडाच असण्याची शक्यता मोठी. पहिला धडा, आणि शाळा ओस पडल्यावर.

दुसरी गोष्ट आमच्या घरातली आहे. माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ७३ व्या वर्षी नागीण झाली. उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा. शेजारच्या काकूंनी गेरू उगाळून आणला, कुणी मंत्र घालणाऱ्याचं नाव सुचवलं. “तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो,” असं कुणीतरी दादांच्या देखत बोललं आणि दादा आठवडाभर रोज आरशात पाठ बघायचे, दोन्ही टोकांत किती अंतर उरलंय ते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी. मी त्यांना बसवून समजावलं की हा विषाणू म्हणजे तुम्हाला लहानपणी झालेल्या कांजिण्यांचाच. तो तेव्हापासून मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत दबून आहे. एका गाठीचा तंतू शरीराच्या एकाच बाजूला जातो, म्हणून हा पट्टा पलीकडच्या बाजूने येऊन जुळणार नाही. त्यांनी मान डोलावली. विश्वास किती बसला ते माहीत नाही.

फोड तीन आठवड्यांत सुकले. वेदना चौदा महिने राहिली. अंगाला सदरा सहन व्हायचा नाही. पंख्याचा वारा लागला तरी ओठ आवळून घ्यायचे. ज्या माणसाने उभ्या जन्मात डॉक्टरकडे तक्रार केली नव्हती तो रात्री दोनला ओसरीत येऊन बसायचा. डॉक्टर म्हणाले, “वयोमानाने होतं.” खरंच होतं. साठ-पासष्ट वर्षं टी-पेशींनी तो विषाणू गाठीतून बाहेर येऊ दिला नव्हता. त्या कमी पडू लागल्या आणि तो निसटला. एडगर होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने आपल्याच रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवून १९६५ साली हे सूत्र मांडलं. ८५ व्या वर्षापर्यंत जगणाऱ्यांपैकी निम्म्यांना एकदा तरी नागीण होऊन जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

नागिणीच्या लसींचे आकडे तुम्हाला तोंडपाठ असतील, तरी ते इथे लिहिते, कारण पेशींचं वय म्हणजे काय ते याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. पहिली लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती. साठ ते एकोणसत्तर वयात तिने ६४ टक्के रक्षण केलं, सत्तरीत ४१ टक्के, ऐंशीच्या पुढे १८ टक्के. लस तीच होती. पुढे दुसरी आली, विषाणूचं एकच प्रथिन आणि सोबत पेशींना खडबडून जागं करणारं साहाय्यक द्रव्य. त्यातला एक घटक दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या सालीतून येतो. फेसाळणारा पदार्थ, आपल्या रिठ्यात असतो त्याच जातकुळीचा. या लसीने पन्नाशीपुढच्यांत ९७ टक्के आणि सत्तरीपुढच्यांतही ९० टक्क्यांच्या आसपास रक्षण केलं. म्हातारी पेशी शिकत नाही हे म्हणणं इथे साफ खोटं ठरतं. तिला कसं शिकवायचं ते शोधावं लागलं, एवढंच. ही लस २०२३ पासून भारतात विकत मिळते. किंमत मात्र अशी की दादांच्या पेन्शनीत ती बसली नसती.

फ्लूचंही तेच. पासष्टीपुढच्यांना चौपट प्रथिनाची लस दिली तर ती साध्या लसीपेक्षा २४ टक्के अधिक परिणामकारक ठरते, हे अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीत २०१४ मध्येच दिसलं. न्यूमोनियाच्या जंतूवर साखरेचं कवच असतं. नुसत्या साखरेची लस टी-पेशींना कळतच नाही, तिला प्रथिनाची जोड दिली की कळते. अशी जोडलस नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढच्या सुमारे ८४,५०० लोकांवर तपासली गेली आणि लसीत सामावलेल्या प्रकारांचा रक्तात शिरणारा गंभीर आजार ७५ टक्के कमी झाला. याच जातीची लस आपण २०२१ पासून देशभरातल्या बाळांना देतो आहोत. आजोबांना नाही.

“म्हाताऱ्यांवर लसीचा परिणाम कमी होतो, मग खर्च कशाला?” हा प्रश्न मी एका चर्चासत्रात जबाबदार माणसाच्या तोंडून ऐकला आहे आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. परिणाम कमी होतो म्हणूनच आधी द्यायची असते. कोरडवाहू रानात पेरणीचा वाफसा निघून गेल्यावर तिफण बाहेर काढायची आणि उगवण कमी आली म्हणून बियाण्याला बोल लावायचा, असं कुणी शेतकरी करत नाही.

म्हणून माझं मागणं पन्नाशीचं आहे. साठ किंवा पासष्ट ही निवृत्तीची वयं आहेत, पेशींची नव्हेत. पन्नासाव्या वर्षी प्रत्येकाला उपकेंद्रात बोलवावं, एक कार्ड द्यावं आणि ज्याला मूळ क्रम मिळाल्याची खात्री नाही त्याला टीडीच्या तीन मात्रा द्याव्यात. मोठेपणी सुरुवात करणाऱ्याला एकूण पाच मात्रा पुरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे पुढच्या दोन नंतर सवडीने. यासाठी नवी लस नको, नवा फ्रीज नको. कुपी आज तिथे आहे, आणि उघडलेली कुपी २८ दिवस वापरायची मुभा तुमच्याच नियमात आहे. सध्या जे साठी-सत्तरीत आहेत त्यांना अर्थातच पन्नाशीत परत नेता येणार नाही. त्यांना लगेच, आणि शेतात-गोठ्यात काम करणाऱ्यांना सर्वांत आधी.

फ्लूची आणि न्यूमोनियाची लस सगळ्यांना एकदम देता येणार नाही हे मला कळतं. मधुमेह, धाप, किडनीचा आजार असलेल्यांपासून सुरुवात करा. नागिणीच्या लसीचा भाव सरकारने एकगठ्ठा खरेदीत बसून पाडावा. पेंटाची मोठी खरेदी आपण करतो, तेव्हा भाव कसा बोलायचा हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

नोंदीची अडचण सांगू नका, एवढी विनंती. १ मार्च २०२१ पासून याच सिस्टरांनी साठीपुढच्या माणसांना लस दिली, प्रत्येकाची नोंद मोबाइलवर आली, प्रमाणपत्र आलं. काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्यांना शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडून अर्धा तास बसवलं. ते सगळं आपल्याला येतं.

आणि कृपा करून एक गोष्ट तुमच्या आवाजात लोकांना सांगा. करोनाच्या काळात ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ पुड्या, थेंब, काढे घराघरांत शिरले ते अजून बाहेर पडलेले नाहीत. म्हाताऱ्या माणसाची प्रतिकारशक्ती म्हणजे रिकामी होत चाललेली टाकी नसते, की वरून काही ओतलं आणि भरली. उलट वयाबरोबर शरीरात एक मंद दाह कायम धुमसत असतो. इटलीच्या क्लाउडिओ फ्रांचेस्की यांनी २००० सालीच त्याला ‘इन्फ्लॅमेजिंग’ असं नाव देऊन ते मांडलं. नुसतं ‘वाढवून’ तो दाहही वाढेल. कमी पडते ती ओळख, अमुक जंतूची नेमकी ओळख. ती काढ्यातून मिळत नाही. हे मी सांगितलं तर शेजारीपाजारी हसून सोडून देतात. खात्याने सांगितलं तर ऐकतील.

हे पत्र लिहिण्याआधी मी आमच्या गल्लीतल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांची एक यादी केली. नाव, वय, काम काय, धनुर्वाताची शेवटची सुई कधी. बायकांनी लेकरांच्या वयावरून वर्षं मोजून सांगितली. पुरुषांच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी ‘आठवत नाही’ असंच लिहावं लागलं. सिस्टरांना मी सांगून ठेवलं आहे, रजिस्टरात रकाना आला की निरोप द्या, मी सगळ्यांना घेऊन येते. यादीची प्रत तुम्हाला हवी असेल तर कळवा, पाठवते.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक निवृत्त प्राध्यापिका